विकिरण म्हणजे विटाळ नव्हे

‘किरणोत्सर्ग’ हा शब्द आपल्या कानी आला तो बहुधा वाईट वार्तेसोबतच. १९४५ चे हिरोशिमा आणि नागासाकी, १९८६ चे चेर्नोबिल, २०११ चे फुकुशिमा, या नावांनी त्या शब्दाभोवती भयाचे एक वलय उभे केले आहे. ते भय निराधार नाही. परंतु भयाची एक खोड असते. ते जेथे असावे तेथे थांबत नाही, शेजारच्या निरुपद्रवी गोष्टींवरही पसरते. कांदा, आंबा किंवा हळद ‘किरणांखालून काढलेली’ आहे असे कळले की घेणारा हात मागे घेतो. याहून दुःखद प्रकार आमच्या पाहण्यात व ऐकण्यात येतो तो कर्करोगाच्या रुग्णांबाबत. गावात ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात तो उपचार घेऊन माणूस घरी परततो, आणि त्याचे ताट-तांब्या वेगळे केले जातात, लेकरांना त्याच्या अंथरुणापाशी जाऊ दिले जात नाही.

ताट-तांब्या वेगळा करणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणूनच निवासी शाळेच्या या स्मरणिकेत आठवणी आणि गौरवलेखांच्या जोडीला, विकिरण म्हणजे काय, त्याचा उपयोग कोठे व कसा होतो, आणि भिण्याजोगे त्यात नेमके काय आहे, याची मांडणी करावी असे आम्हांस वाटले. आपले माजी विद्यार्थी आज शेतात, दवाखान्यांत, बाजारपेठांत आणि शाळांत काम करीत आहेत. त्या प्रत्येक ठिकाणी या विषयाशी त्यांची कधी ना कधी गाठ पडणारच आहे.

किरण आणि किरणांचा उगम

सूर्याचा प्रकाश, आकाशवाणीच्या लहरी, रुग्णालयातील क्ष-किरण आणि गॅमा किरण ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. भेद आहे तो त्यांच्या ऊर्जेचा. क्ष-किरण व गॅमा किरण यांची ऊर्जा इतकी असते की ते पदार्थाच्या आत शिरून अणूंमधील इलेक्ट्रॉन बाहेर ढकलतात. अशा किरणांसमोर एखादी वस्तू ठराविक काळ, ठराविक मात्रेत, हेतुपूर्वक ठेवणे म्हणजे विकिरण प्रक्रिया.

गॅमा किरणांसाठी सर्वाधिक वापरला जातो तो कोबाल्ट-६०. निसर्गात सापडणारा कोबाल्ट-५९ हा धातू अणुभट्टीत ठेवला असता तो एक न्यूट्रॉन सामावून घेतो आणि कोबाल्ट-६० बनतो. आपल्या देशात हे काम राजस्थानातील रावतभाटा यांसारख्या अणुवीज केंद्रांत होते. कोबाल्ट-६० चा साठा दर ५.२७ वर्षांनी निम्मा होत जातो आणि त्याचे रूपांतर निकेल या स्थिर धातूत होते. या रूपांतरात गॅमा किरण बाहेर पडतात. कोबाल्ट दुहेरी पोलादी नळ्यांत बंद केलेला असतो. काम नसताना या नळ्या खोल पाण्याच्या हौदात बुडवून ठेवतात, कारण पाणी किरण अडवते. काम सुरू झाले की त्या वर उचलल्या जातात. भोवती जाड काँक्रीटच्या भिंती असतात. मालाच्या पेट्या एका फिरत्या साखळीवरून आत जातात, नळ्यांभोवती फिरतात आणि बाहेर येतात. माल कोबाल्टला कोठेही शिवत नाही.

येथेच पहिली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ध्यानी घ्यावी. उन्हाळ्यात आपण अंगणात पापड-कुरडयांचे वाळवण घालतो. सायंकाळी ते घरात आणतो, तेव्हा त्यांच्यासोबत ऊन घरात येत नाही. उन्हाने आपले काम केले, पाणी काढून घेतले, आणि ते तेथेच संपले. गॅमा किरणांचेही तसेच आहे. ते पदार्थातून जातात, आपले काम करतात आणि संपतात. कोबाल्ट-६० च्या किरणांची ऊर्जा कांद्यातील वा हळदीतील अणूंचे गाभे बदलण्याइतकी नसते. म्हणून विकिरण केलेला पदार्थ स्वतः किरणोत्सर्गी होत नाही. या कामासाठी कोठे कोठे यंत्राने निर्माण केलेले इलेक्ट्रॉन किंवा क्ष-किरणही वापरतात. त्यांच्या ऊर्जेवर कायद्याने मर्यादा घातलेली आहे, ती याच कारणासाठी.

याउलट, त्याच वाळवणावर वाऱ्याने चुलीची राख येऊन पडली तर ती पापडांसोबत घरात येईल आणि पोटातही जाईल. किरणोत्सर्गी द्रव्याची धूळ एखाद्या वस्तूवर बसली तर तिला किरणोत्सर्गी दूषितीकरण म्हणतात. चेर्नोबिलला घडले ते हे. ऊन लागणे आणि राख पडणे या दोन भिन्न घटना आहेत. विकिरणाविषयीचा बहुतेक गोंधळ या दोहोंना एक समजण्यातून उद्भवतो.

सारा खेळ मात्रेचा

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली म्हणजे एक ग्रे. एक हजार ग्रे म्हणजे एक किलोग्रे. दहा किलोग्रे ही अन्नासाठी मोठी समजली जाणारी मात्रा, पण तिने पाण्याचे तापमान अडीच अंश सेल्सिअसनेही वाढत नाही. म्हणूनच या प्रक्रियेत पदार्थ शिजत नाही.

मग परिणाम होतो तो कशाने? किरण पेशीतील डीएनए तोडतात, आणि पेशीतील पाण्याचे विघटन करून त्या घावात भर घालतात. ज्या पेशीला विभाजन करून वाढायचे असते, तिला हा घाव सर्वाधिक भोवतो. कांद्याचा कोंब, आंब्याच्या कोयीतील किडीची अळी, हळदीवरील जिवाणू आणि माणसाच्या शरीरातील कर्करोगाची गाठ या चारही गोष्टी वाढत्या पेशींच्या आहेत. विकिरणाचे सारे उपयोग या एका तत्त्वातून निघतात. बदलते ती केवळ मात्रा. कांद्याचा कोंब रोखण्यास शंभर ग्रेहूनही कमी मात्रा पुरते. डाळी व धान्यातील कीड निकामी करण्यास पाव ते एक किलोग्रे, मसाल्यांतील जिवाणू घटविण्यास ६ ते १४ किलोग्रे, तर शस्त्रक्रियेची साधने निर्जंतुक करण्यास साधारणतः २५ किलोग्रे मात्रा देतात.

या आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवला पाहिजे. माणसाच्या सर्व शरीरास एकाच वेळी चार-पाच ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावतात. जी मात्रा कांद्याला केवळ कोंब येऊ देत नाही ती माणसाचा जीव घेऊ शकते. जाड भिंती, पाण्याचा हौद आणि कडेकोट कुलपे आहेत ती यासाठी. भय बाळगायचे ते चालू स्रोतासमोर उभे राहण्याचे. त्याच्यासमोरून जाऊन आलेल्या कांद्याचे नव्हे.

लासलगावचा कांदा, कोकणचा आंबा

नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘कृषक’ म्हणजेच कृषी उत्पादन संरक्षण केंद्र हा प्रकल्प उभारला आणि २००२ साली तो कार्यान्वित झाला. कांद्याला कोंब येऊ नये हा त्यामागील मूळ हेतू. त्याच्याही आधी, १९९४ साली, भारत सरकारने कांदा, बटाटा व मसाले यांच्या विकिरणास देशांतर्गत विक्रीसाठी मान्यता दिली होती.

तथापि कांद्याच्या बाबतीत या तंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. विकिरण कोंब थांबविते, सड थांबवीत नाही. दुखापत झालेला, ओला राहिलेला कांदा किरण देऊनही सडतोच. काढणीनंतर कांदा काही काळ सुप्तावस्थेत असतो, त्याच काळात किरण द्यावे लागतात. एकदा आतला कोंब हलू लागला की फारसा लाभ होत नाही. शिवाय केंद्रापर्यंतची वाहतूक, हाताळणी आणि साठवणूक यांचा खर्च असतो. त्यामुळे आपल्या घरी येणारा बहुतांश कांदा आजही कांदाचाळीतूनच येतो. विज्ञानाने वाट दाखविली तरी ती शेतकऱ्याला परवडावी लागते.

आंब्याने मात्र या केंद्राला कीर्ती दिली. आंब्याच्या कोयीत राहणारा भुंगा आपल्या देशात येईल या भीतीने अमेरिकेने भारतीय आंब्याला दार बंद केले होते. कोयीतील किडीपर्यंत औषधाची फवारणी पोचत नाही. गॅमा किरण पोचतात. त्यासाठी किमान ४०० ग्रे मात्रा ठरविण्यात आली. या मात्रेने प्रत्येक कीड जागीच मरते असे नाही, पण ती प्रजननास असमर्थ होते, आणि परदेशात तिचा वंश वाढण्याचा धोका टळतो. २००७ साली लासलगावच्या केंद्रास अमेरिकी कृषी खात्याची मान्यता मिळाली आणि त्याच वर्षी हापूस व केशर आंबे तेथून अमेरिकेस रवाना झाले. पुढे राज्य कृषी पणन मंडळानेही वाशी येथे विकिरण सुविधा केंद्र उभारले.

आपली हळद

पूर्णा तालुक्यातील आणि शेजारच्या वसमत, हिंगोली, नांदेड या पट्ट्यातील शेतकऱ्याला कांदा-आंब्यापेक्षा हळदीचा प्रश्न जवळचा. हळद काढायची, शिजवायची, आणि मोकळ्या खळ्यावर पसरून वाळवायची हा आपला परिपाठ. त्या दिवसांत तिच्यावर माती, धूळ आणि पाखरांची विष्ठा यांतून जिवाणू व बुरशीचे बीजाणू येतात. घरच्या फोडणीत ते मरतात. परंतु तीच पूड परदेशात तयार खाद्यपदार्थांत किंवा औषधांत न शिजवता घातली जाते, तेव्हा खरेदीदार जिवाणूंची संख्या मोजून माल घेतो.

जिवाणू घटविण्याचे मार्ग तीन. पहिला वाफेचा, ज्यात ओलावा व सुगंध यांची काळजी घ्यावी लागते. दुसरा इथिलिन ऑक्साइड या वायूचा. हा वायू कर्करोगकारक असून युरोपीय संघात अन्नासाठी त्याचा वापर निषिद्ध आहे. २०२४ साली हाँगकाँग व सिंगापूर येथे काही भारतीय मसाल्यांवर हरकत घेतली गेली ती याच वायूच्या अंशाच्या कारणावरून. तिसरा मार्ग विकिरणाचा. त्यात माल बंद पोत्यांत असतानाच प्रक्रिया होते आणि मागे कोणतेही रसायन उरत नाही. मुख्यतः मसाल्यांसाठीच वाशी येथे विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे केंद्र २००० साली सुरू झाले.

येथेही अतिशयोक्ती नको. विकिरणाने हळदीतील कीटकनाशकाचा अंश जात नाही, भेसळीचा रंग निघत नाही, आणि बुरशीने आधीच सोडलेले विष नाहीसे होत नाही. काही जीवनसत्त्वे थोड्या प्रमाणात घटतात, जशी ती शिजविण्यातही घटतात. दुधासारख्या काही पदार्थांची चव किरणांनी बिघडते, म्हणून तेथे ही प्रक्रिया योग्य ठरत नाही. स्वच्छ खळे आणि ताडपत्री यांना विकिरण हा पर्याय नाही. अस्वच्छ मालाला शुद्धतेचे प्रमाणपत्र देण्याचे ते साधन होऊ नये. अन्नाच्या सुरक्षिततेविषयी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा अभिकरणाने आणि जागतिक आरोग्य संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने १९८० साली निष्कर्ष दिला, की दहा किलोग्रेपर्यंतच्या सरासरी मात्रेने अन्नात विषारी धोका उद्भवत नाही.

ज्याला हे अन्न नको असेल त्याला ते ओळखता आले पाहिजे, हाही ग्राहकाचा अधिकार आहे. त्यासाठी वेष्टनावर तशी नोंद व एक हिरवे बोधचिन्ह छापण्याचा नियम आहे. त्या चिन्हात तुटक वर्तुळाच्या आत दोन पाने व एक ठिपका असतो.

दवाखान्यातील विकिरण

आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीराला विकिरण केलेली वस्तू नकळत लागून गेलेली आहे. एकदाच वापरायच्या अनेक सुया, सिरिंजा, हातमोजे, टाक्यांचे धागे, सलाईनच्या नळ्या यांचे निर्जंतुकीकरण गॅमा किरणांनी होते. प्लॅस्टिक उकळत्या उष्णतेला टिकत नाही, किरणांना टिकते. देशातील असे पहिले केंद्र, ‘आयसोमेड’, तुर्भे येथे १९७४ साली सुरू झाले. अर्थात त्या सुईने आपल्यात किरणोत्सर्ग आला नाही, आला तो जंतूविरहित उपचार. रक्तपेढ्यांतही काही विशिष्ट रुग्णांसाठी रक्ताच्या पिशवीला साधारण २५ ग्रे मात्रा देतात, जेणेकरून दात्याच्या पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करणार नाहीत.

आता ‘शेका’विषयी. मराठवाड्यातील रुग्ण या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगर, बार्शी, मुंबई अशा ठिकाणी जातात. बाहेरून किरण देणारे यंत्र कोबाल्टचे असो वा विजेवर चालणारे, त्याचे किरण नेमके गाठीवर रोखलेले असतात. ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचे स्वदेशी उपचारयंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केले आहे. ठरलेली मात्रा एका दिवसात न देता काही आठवड्यांत विभागून देतात, म्हणजे निरोगी पेशींना सावरण्यास वेळ मिळतो. यंत्र बंद झाले की किरण थांबले. रुग्ण खोलीबाहेर येतो तेव्हा त्याच्या अंगात किरण नसतात. त्याच्या ताटात जेवता येते, त्याचे कपडे आपल्या कपड्यांत धुता येतात, नातवाला त्याच्या मांडीवर बसता येते. त्याची त्वचा काळवंडलेली असेल, तोंड आले असेल, अशक्तपणा असेल, तर ती उपचाराची झळ आहे. ती दुसऱ्याला लागत नाही. कर्करोगही लागत नाही.

अपवादही नीट समजून घ्यावा. थायरॉइडच्या काही विकारांत रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन प्यायला देतात. तेथे द्रव्य खरोखर शरीरात गेलेले असते. म्हणून डॉक्टर काही दिवस लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यापासून अंतर ठेवण्यास सांगतात. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे होते, लघवीवाटेही बाहेर पडते, आणि सांगितलेली मुदत संपली की अंतरही संपते. हे अंतर मोजून ठरविलेले असते. शंका असेल तेथे शेजाऱ्याला न विचारता उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे.

पेरणीतील विकिरण

बियाण्याला किरण देऊन त्याच्या गुणसूत्रांत बदल घडवायचे, मग पिढ्यानपिढ्या निवड व संकर करून उपयुक्त वाण वेगळे काढायचे, हा आणखी एक मार्ग. तुर्भे आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून आलेला ‘टीएयू-१’ हा उडीद महाराष्ट्रात दीर्घकाळ पेरला गेला. तुर्भे आणि परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठाचे लातूर येथील केंद्र यांच्या सहकार्यातून ‘टीएलजी-४५’ हा टपोऱ्या दाण्याचा भुईमूग आला. शेतकऱ्याच्या हाती येणारे बियाणे अनेक पिढ्या दूरचे असते. त्यात किरण नसतात, असतो तो एक निवडलेला गुण.

धोका कोठे आहे

२०१० साली दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात एक जुने प्रयोगशाळेतील विकिरण यंत्र विकले गेले. ते फोडण्यात आले, आतील कोबाल्ट-६० उघडा पडला, अनेक कामगार भाजून आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. ज्यांनी ते फोडले त्यांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. धोका होता तो निष्काळजीपणे टाकून दिलेल्या स्रोतात, आणि त्याची झळ बसली ती भंगारावर पोट भरणाऱ्या गरीब माणसाला. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी एक खूण पक्की ध्यानात ठेवावी. पिवळ्या पार्श्वभूमीवर तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेली वा अनोळखी जड धातूची पेटी दिसली, तर तिला हात लावू नये, फोडू नये, विकू नये. दूर जाऊन पोलिसांना कळवावे. अशा सर्व स्रोतांवर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

मोजता येणारे आणि न येणारे

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर ते तळे ‘शुद्ध’ करण्याचा विधी करण्यात आला. त्या पाण्यात काय बदलले होते? कोणत्याही प्रयोगशाळेत ते पाणी नेले असते तरी उत्तर एकच आले असते : काहीही नाही. विटाळाचे एकक नाही, त्याची मात्रा नाही, त्याचे अर्धायुष्य नाही. तो मोजता येत नाही, म्हणून तो संपतही नाही. किरणोत्सर्ग मोजता येतो. गायगर गणक वस्तूजवळ धरला की तो आहे किंवा नाही हे कळते. असेल तर किती, आणि किती काळ, हेही सांगता येते. जेथे तो आहे तेथे भिंत उभारावी, अंतर राखावे. जेथे नाही तेथे अंतर राखणे म्हणजे जुन्या विटाळालाच नवे शास्त्रीय नाव देणे होय.

केसमुत्त नगरीतील कालामांना तथागतांनी सांगितले, की केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा कोणी मोठा सांगतो आहे म्हणून एखादी गोष्ट स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. हा उपदेश भीतीलाही लागू आहे, आणि विज्ञानाच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या स्तुतीलाही. म्हणून विकिरणाचे लाभ सांगताना त्याच्या मर्यादा आणि धोकेही येथे सांगितले आहेत. वाचकांनी तेही पारखावेत.

आपल्या वस्तीत एखादा माणूस ‘शेक’ घेऊन परतेल, तेव्हा हा लेख वाचलेल्या घराने त्याला आपल्या पंगतीत बसवावे आणि न बसवणाऱ्यांना कारण समजावून सांगावे, इतकीच आमची अपेक्षा आहे.